निरंक आणि कोरा: जमिनीखालच्या नोंदींचं सामाईक दप्तर

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर दोघांतिघांनी मला फोन करून विचारलं, सर, हा विषय तुमचाच ना, की नावांची अदलाबदल झाली? (हशा) अदलाबदल नाही. मी आयुष्यभर तर्कशास्त्र आणि भारतीय ज्ञानमीमांसा शिकवली. जमिनीत बोअर मारून माती आणि खडक तपासणं, त्याच्या नोंदी ठेवणं, त्या सगळ्यांना वापरता येतील अशा एका ठिकाणी संगणकात भरणं, यातलं पाच वर्षांपूर्वी मला ओ की ठो कळत नव्हतं. कळायची पाळी आली ती आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासामुळे. पुण्यात माझ्या वयाच्या माणसाला हल्ली दोनच विषय असतात, गुडघे आणि पुनर्विकास.

जुनी इमारत पाडायच्या आधी प्लॉटवर चार बोअर मारले गेले. मे महिना होता. अहवाल आला, बाइंडिंग केलेला, शंभरेक पानांचा. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून एक प्रत माझ्याकडे. त्यात प्रत्येक बोअरचं एक पान असतं, त्याला बोअर लॉग म्हणतात. डावीकडे खोली, मध्ये त्या त्या खोलीवर काय लागलं त्याचं वर्णन, उजवीकडे चाचण्यांचे आकडे. आणि वर कोपऱ्यात एक चौकट: भूजल पातळी. चारही पानांवर त्या चौकटीत एकच शब्द होता, निरंक.

हा शब्द आपल्याला सरकारी कागदावरून चांगला माहीत आहे. किती तक्रारी आल्या? निरंक. किती प्रकरणं प्रलंबित? निरंक. मी वाचलं, पाणी नाही. बिल्डरने तेच वाचलं, त्याच्या स्ट्रक्चरल इंजिनीअरनेही तेच वाचलं. तळघरासाठी दोन मजले खोल खड्डा खणला गेला आणि जुलैमध्ये त्या खड्ड्याच्या एका कडेने पाणी झिरपायला लागलं. चौथ्या दिवशी पहाटे ती कड खाली आली. सोबत शेजारच्या सोसायटीची कंपाउंड भिंत आणि भिंतीला लागून असलेली त्यांच्या वॉचमनची खोली. ते कुटुंब आदल्या दिवशी गावाला गेलं होतं. त्यांच्या मुलीची शाळेची पुस्तकं मात्र त्या चिखलातून आम्ही बादलीने काढली.

मग चौकशी सुरू झाली, आणि या एका शब्दाचा प्रवास मला कळला. खडकात बोअर घेताना ड्रिलच्या नळीतून सतत पाणी सोडावं लागतं, नाहीतर बिट तापतं. म्हणजे खोदताना भोकात जे पाणी दिसतं ते जमिनीचं की टँकरचं, हे त्या दिवशी सांगता येत नाही. भोक तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी, शक्य तर आणखीही काही दिवस, पातळी मोजावी लागते. आमच्याकडे मशीन संध्याकाळीच पुढच्या साइटवर गेलं आणि भोकं बुजवली गेली. ड्रिलरच्या वहीत पाण्याविषयी काहीच नव्हतं, कारण त्याने पाहिलंच नव्हतं. ती कोरी जागा ऑफिसात टाइप करणाऱ्याला बरी दिसली नाही. त्याने तिथे निरंक लिहिलं.

गोष्ट इथे संपत नाही. त्या परिसरात काम करणाऱ्या दोनतीन मंडळींनी आपापले जुने अहवाल एकत्र करून एक सामाईक शीट केली होती. हेतू चांगला. आमचे चार बोअर त्या शीटमध्ये गेले. पाण्याच्या रकान्यात फक्त आकडा चालत होता, म्हणून निरंकचा झाला शून्य. आता हा रकाना होता जमिनीपासून पाण्याच्या खोलीचा. तिथे शून्य म्हणजे पाणी नाही असा अर्थ होत नाही, शून्य म्हणजे पाणी थेट जमिनीच्या पृष्ठभागावर! पुढच्या एका तरुण इंजिनीअरला ते विचित्र वाटलं. टेकडीच्या उतारावर पाणी पृष्ठभागावर कसं असेल? चूक समजून त्याने शून्य पुसला. रकाना पुन्हा कोरा. आणि त्यानंतरच्या कोणी तरी कोऱ्या रकान्यांचा अर्थ ‘पाणी लागलं नाही’ असा धरून नकाशा काढला. न पाहिलेलं निरंक झालं, निरंकचं शून्य, शून्याचं कोरं, आणि कोऱ्याचं पुन्हा ‘नाही’. यात कोणीही खोटं बोललं नाही. म्हणूनच मला हा विषय तत्त्वज्ञानाचा वाटतो.

आता हे सगळं मला समजावून सांगितलं ते माझ्या पुतणीने. ती भू-तांत्रिक इंजिनीअर आहे, पुण्यात बसून ब्रिटनमधल्या प्रकल्पांचं काम करते. मी तिला म्हटलं, असल्या सामाईक शीटच बंद करा. ती म्हणाली, “काका, तुम्ही एक वाईट शीट पाहिलीत. चांगली बघा, मग बोला.” म्हणून मी बघितली. आज जी टीका मी करणार आहे ती चांगल्या व्यवस्थेवरची आहे. वाईट शीटवर टीका करायला मी लागत नाही.

ब्रिटनमध्ये या नोंदींची देवाणघेवाण करण्याचा एक ठरलेला साचा आहे. तो तिथल्या भू-तांत्रिक व्यावसायिकांच्या एजीएस या संघटनेने १९९२ साली पहिल्यांदा काढला, चौथी आवृत्ती २०१० ची. साधी मजकुराची फाइल असते, कुठल्याही संगणकावर उघडते, तीस वर्षांनीही उघडेल. प्रकल्पाचा एक गट, बोअरच्या जागेचा एक गट, थरांच्या वर्णनाचा, नमुन्यांचा, चाचण्यांचा, असे गट. प्रत्येक माहिती दुहेरी अवतरणचिन्हांत. माहिती नसेल तर दोन अवतरणचिन्हं आणि त्यांच्या मध्ये काहीच नाही. (मी तर्काचा माणूस, मला ती रिकामी अवतरणचिन्हं बघताना फार वेळ गंमत वाटत राहिली. कोणी तरी तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं.)

ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेकडे दहा लाखांहून अधिक बोअरच्या नोंदी आहेत, आणि त्यांतल्या बहुसंख्य घरी बसून कोणालाही बघता येतात. आपण त्याचं मोल नीट समजून घेऊ. एक बोअर मारायला खर्च येतो, मशीन न्यावं लागतं, माणसं लागतात. आणि त्या बोअरने जमिनीचा किती भाग दिसतो? मनगटाएवढ्या रुंदीचा एक दांडा. दोन बोअरच्या मध्ये जे आहे ते सगळं अनुमान. म्हणून शेजारच्या प्लॉटवर वीस वर्षांपूर्वी कोणी बोअर मारला असेल आणि त्याचा कागद मिळाला, तर ते अनुमान खूप भक्कम होतं. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला सप्टेंबर २०१० आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भूकंप झाले. दुसऱ्यात १८५ माणसं गेली, आणि वाळूची जमीन पातळ होऊन घरंच्या घरं खचली. पुन्हा कुठे बांधायचं, कुठे नाही, हे ठरवायला प्रत्येक कंपनीने आपापल्या कपाटातले कागद आपल्यापाशीच ठेवले असते तर शहर उभं राहायला किती वर्षं लागली असती! त्यांनी सामाईक भांडार केलं, आणि पुढे तेच साऱ्या देशाचं झालं.

आपल्याकडे खनिजांच्या शोधाशी संबंधित माहितीचं राष्ट्रीय भांडार डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालं. चांगली गोष्ट आहे. पण इमारतींच्या पायासाठी मारलेल्या बोअरांचे जे अहवाल मी या पाच वर्षांत पाहिले, ते कुठे होते? बिल्डरच्या ऑफिसात, सोसायटीच्या कपाटात, एक तर रद्दीच्या गठ्ठ्यात. एकाच रस्त्यावर दर दहा वर्षांनी तोच कातळ पुन्हा पैसे देऊन शोधतात. तेव्हा सामाईक दप्तर हवं की नको, हा वादच नाही. हवं.

मग माझी टीका कशावर आहे?

पुतणीने मला एक प्रोग्राम दाखवला. एजीएसची फाइल त्याला दिली की तो तपासतो आणि चुका सांगतो. फाइल निर्दोष असेल तर तसंही सांगतो. ती म्हणाली, ही फाइल पास झाली. मी विचारलं, म्हणजे यातली माहिती खरी आहे? ती हसली. “नाही काका, म्हणजे ती नीट भरली आहे.” वर्गात मी पहिल्या महिन्यात हेच शिकवायचो. युक्तिवाद वैध असणं वेगळं आणि त्याची विधानं सत्य असणं वेगळं. सर्व मासे उडतात, पापलेट मासा आहे, म्हणून पापलेट उडतं. वैध आहे! तपासणारा प्रोग्राम आकार तपासतो. तो तेवढंच करू शकतो आणि त्याच्याकडून जास्त अपेक्षा नाही. पण ‘पास’ हा शब्द माणसाच्या मनावर काय करतो ते बघा. बाइंडिंग केलेल्या अहवालाने माझ्यावर जे केलं तेच.

आणि कोऱ्या जागेचं काय? पाणी लागल्याच्या नोंदींचा एजीएसमध्ये वेगळा गट आहे. बोअर मारताना पाणी लागलं की त्यात एक ओळ येते, कोणत्या खोलीवर, कधी. पाणी लागलं नाही तर ओळ नाही. आणि कोणी पाहिलंच नाही तर? तरी ओळ नाही. शेरा लिहायला जागा आहे, जाणता माणूस तिथे लिहितो. पण शेरा माणूस वाचतो. नकाशा काढणारा संगणक ओळी मोजतो.

आपल्या परंपरेत या प्रश्नावर शेकडो वर्षं वाद झालेला आहे. गंमत अशी की त्या वादाचं ठरलेलं उदाहरणच जमिनीचं आहे: भूतलावर घट नाही. समोरच्या जमिनीवर मडकं नाही हे मला कळतं. कसं कळतं? नसलेली वस्तू डोळ्यांना कशी दिसेल? नैयायिक म्हणाले, प्रत्यक्षानेच कळतं, फक्त त्याला अनुपलब्धीची मदत लागते. कुमारिल भट्टांचे अनुयायी मीमांसक आणि पुढे अद्वैत वेदान्ती म्हणाले, नाही, हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन आहे, अनुपलब्धी. पण त्या साऱ्या भांडणात एक अट दोन्ही बाजूंना मान्य होती, आणि ती अट म्हणजे माझ्या मते या सगळ्या डेटाबेसवाल्यांनी भिंतीवर लावावी अशी आहे. ती म्हणजे योग्यता. मडकं असतं तर ते दिसलं असतं, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे हवेत, मध्ये आडोसा नको. अंधाऱ्या खोलीत मडकं दिसलं नाही म्हणून मडकं नाही, असं कोणी म्हणालं तर त्याला पाठशाळेतून हाकलून देतील.

आमच्या बोअरमध्ये पाणी असतं तर ते त्या संध्याकाळी दिसलं असतं का? नसतं दिसलं. म्हणजे योग्यता नव्हती, आणि म्हणून ‘नाही’ म्हणायचा अधिकार नव्हता. मे महिना होता, हा आणखी एक अंधार. ‘नाही’ या नोंदीला तिच्या योग्यतेचा पुरावा जोडल्याशिवाय भांडारात प्रवेश देऊ नये, एवढं माझं म्हणणं आहे. भोक किती वेळ उघडं ठेवलं? कोणत्या तारखेला पाहिलं? आत ड्रिलिंगचं पाणी होतं का? ‘आहे’ या नोंदीपेक्षा ‘नाही’ या नोंदीला जास्त पुरावा लागतो, आणि आपण नेमका उलटा व्यवहार करतो. ‘आहे’ म्हणताना खोली, वेळ, तारीख; ‘नाही’ म्हणताना रिकामी अवतरणचिन्हं.

हे पाण्यापुरतं असतं तरी चाललं असतं. पण आपल्या दख्खनच्या कातळात याहून मोठी गोम आहे. आपला महाराष्ट्र लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला. दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबड्या, मऊ, मातीसारख्या खडकाची पट्टी असते, काही ठिकाणी वीतभर, काही ठिकाणी पुरुषभर. इमारतीच्या किंवा बोगद्याच्या दृष्टीने धोका कातळात नसतो, या पट्टीत असतो. आता बोअर घेताना नळीतून कातळाचे दांडे बाहेर येतात, ते लाकडी पेटीत क्रमाने मांडतात. ती मऊ पट्टी आली की काय होतं? ड्रिलच्या पाण्याने ती धुऊन जाते. पेटीत त्या जागी लाकडाचा ठोकळा ठेवतात आणि लॉगमध्ये लिहितात, इतका दांडा मिळाला नाही. म्हणजे जे सगळ्यात महत्त्वाचं, ते नोंदीत ‘नाही’ म्हणून येतं. आणि तोच ठोकळा ड्रिलरने घाई केली, जुनी नळी वापरली, चांगलाच कातळ चुरून टाकला, तरीही येतो. दोन्हीला ठोकळा एकच. त्याच दांड्यांवरून कातळाचा दर्जा काढायची एक टक्केवारी आहे, दहा सेंटिमीटरहून लांब तुकड्यांची बेरीज करून. डेटाबेसमध्ये जाते ती टक्केवारी. ठोकळा पेटीतच राहतो, आणि वर्षभराने पेटी भंगारात.

मातीच्या चाचणीचंही तसंच. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पंचाहत्तर सेंटिमीटर उंचीवरून टाकायचा, पहिले पंधरा सेंटिमीटर सोडून पुढचे तीस सेंटिमीटर रुतायला किती ठोके लागले ते मोजायचे. आकडा येतो, समजा अठरा. पण हातोडा दोरीने ओढला की आपोआप सुटणारा होता, दोरी किती घासत होती, यावर ठोक्याचा जोर बदलतो. साचा करणाऱ्यांना हे माहीत होतं, म्हणून एजीएसमध्ये त्या जोराच्या प्रमाणालाही रकाना आहे. रकाना आहे; तो भरायला हातोडा मोजून घेतलेला असावा लागतो. नसेल, तर दोन यंत्रांचे दोन अठरा नकाशावर शेजारी शेजारी बसतात.

कार्ल तेरझागी, या शास्त्राचा जवळजवळ जनकच, त्याने १९२९ साली एक निबंध लिहिला, धरणांच्या सुरक्षिततेवर बारीकसारीक भूगर्भीय तपशिलांचा काय परिणाम होतो यावर. बारीकसारीक तपशील! आणि आपण जी व्यवस्था उभी करतो आहोत तिची भूक असते ठळक गोष्टींची. साइटवरचा माणूस म्हणतो, “मांजऱ्या लागला, वर पिवळसर, हाताने कुस्करतोय, खाली घट्ट.” अहवालात होतं, मध्यम झिजलेला बेसाल्ट. सांकेतिक रकान्यात होतं, खडक. तिन्ही बरोबर आहेत. पण तिसऱ्यावरून पहिल्यापर्यंत परत जाता येत नाही. एजीएसचा मोठेपणा हा की त्यात मूळ वर्णनाला पूर्ण जागा दिलेली आहे. वापरणाऱ्याचा आळस असा की तो फक्त सांकेतिक रकाना उतरवून घेतो. माझा आग्रह आहे की कुस्करण्याचं वाक्य जसंच्या तसं, मराठीत असेल तर मराठीत, राहिलं पाहिजे.

यावरून दुसरं प्रमाण आठवतं, शब्द. दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारं ज्ञान. सामाईक दप्तर म्हणजे शब्दप्रमाणाचाच कारखाना, त्यात कोणी काही स्वतः पाहिलेलं नसतं. न्यायदर्शन म्हणतं, आप्ताचं सांगणं प्रमाण. आप्त कोण? वात्स्यायनाने भाष्यात सांगितलं आहे: ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. आणि पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ, सगळ्यांना सारखंच लागू. आपल्या बोअरचा आप्त कोण? अहवालावर सही करणारे डॉक्टरेटवाले सल्लागार नव्हेत. ते साइटवर नव्हते. आप्त तो ड्रिलर, ज्याच्या हाताला दांडा अचानक हलका झालेला कळला. एजीएसच्या साच्यात त्याच्या नावाला जागा आहे. आमच्या अहवालात नव्हती. चौकशीत मी त्याचं नाव विचारलं तेव्हा कोणालाच सांगता आलं नाही, आणि ठपका मात्र त्याच्यावर ठेवून झाला होता.

काही लोक म्हणतात, यात जबाबदारीचा प्रश्न येतो; माझी नोंद दुसऱ्याने वापरली आणि त्याची इमारत खचली तर मी का अडकू? भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय म्हणून प्रत्येक भांडाराच्या दारावर लिहिलेलं असतं, माहितीच्या अचूकतेची हमी नाही. हे म्हणजे सगळ्यावर सारखाच संशय. सगळ्यावर सारखा संशय घेतला की कशावरच घेतल्यासारखं होत नाही. नेदरलँड्सने मला जास्त शहाणपणाचं काही केलं असं वाटतं. त्यांचा भूगर्भनोंदींचा कायदा १ जानेवारी २०१८ पासून लागू आहे. सरकारी संस्थांनी नोंदी दिल्याच पाहिजेत, वापरल्याच पाहिजेत, आणि एखाद्या नोंदीबद्दल रास्त शंका आली तर ती कळवलीच पाहिजे. शंका कळवणं हे तिथे कायदेशीर कर्तव्य आहे! आमच्या त्या तरुण इंजिनीअरला शून्य विचित्र वाटला होता. त्याला रास्त शंका आली होती. पण शंका नोंदवायला जागा नव्हती, म्हणून त्याने पुरावाच पुसला.

हे सगळं मी पुतणीला ऐकवलं. मला वाटलं होतं ती प्रभावित होईल. (हशा) ती म्हणाली, “काका, तुम्ही म्हणता तसा ‘पाहिलं का’ हा रकाना सक्तीचा केला, तर लोक काय करतील सांगू? ‘हो’ ठोकून देतील. सक्तीच्या रकान्यात सगळ्यात जास्त खोटं असतं. कोरी जागा निदान प्रामाणिक असते.” याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ती रोज हे काम करते, मी चहा पीत टीका करतो. एवढं म्हणता येईल की सक्ती नको, पण ‘पाहिलं नाही’ असं लिहिणाऱ्याची फाइल नापास होता कामा नये, आणि त्याचं बिल कापलं जाता कामा नये. आज ते कापलं जातं. पाणी मोजायला मशीन दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवलं तर त्या दिवसाचे पैसे कोणी देत नाही, हे आमच्या चौकशीत शेवटच्या बैठकीत, जिना उतरताना मला कळलं.

शेजारच्या सोसायटीची भिंत आता बांधून झाली आहे. वॉचमनची खोलीही. त्यांचाही पुनर्विकास निघाला आहे. मागच्या आठवड्यात त्यांच्या सेक्रेटरी बाईंनी आमचा अहवाल मागितला. मी दिला. देताना चारही पानांवर निरंक हा शब्द पेनने खोडला आणि बाजूला लिहिलं: पाहिलं नाही, मे महिना, भोकं त्याच दिवशी बुजवली, जुलैत ईशान्य कडेने पाणी आलं, साधारण साडेचार मीटरवर. खाली माझं नाव आणि तारीख. मी आप्त आहे की नाही ते त्यांनी ठरवावं, पण ते पाणी मी स्वतः पाहिलं होतं. त्यांचे बोअर दिवाळीनंतर आहेत, आणि दुसऱ्या दिवशी पातळी मोजायला मशीन थांबवण्याचे पैसे त्यांनी कोटेशनमध्ये वेगळे लिहून घेतले आहेत.

आता प्रश्न असतील तर घेऊ. माइक मागे द्या.